भावाला लिम्फोमा झाला. माझी ‘इम्यून जीन्स’ तपासावीत का?

एका बहिणीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकट्या भावाला २६व्या वर्षी हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा एक कर्करोग, झाला. गाठीतल्या पेशी ‘ईबीव्ही पॉझिटिव्ह’, म्हणजे ईबीव्ही हा विषाणू असलेल्या, असल्याचं बायोप्सीच्या अहवालात लिहिलंय. आजार उलटल्यामुळे पुढेमागे दात्याच्या मूळपेशी लागतील म्हणून भावंडांची एचएलए तपासणी, म्हणजे दाता जुळतो का हे पाहणारी जनुकतपासणी, झाली. बहीण पूर्ण जुळली, आणि दोघांच्याही अहवालात ‘ए*०१:०१’ आहे. हा प्रकार ज्यांच्याकडे असतो त्यांना हॉजकिनचा धोका जास्त, असं तिच्या वाचनात आलं. तिची मुलं ८ आणि ५ वर्षांची आहेत. धोका किती, आणि घरातल्या सगळ्यांच्या रोगप्रतिकारक जनुकांची तपासणी करून घ्यावी का?

आधी उत्तर सांगतो, कारणं नंतर. ए*०१:०१ आहे म्हणून काहीही करायचं नाही, आणि मुलांची एचएलए तपासणी मुळीच नको. मात्र भावाबद्दल एक गोष्ट नीट खोदून विचारायला हवी: गाठ येण्याआधी, अगदी लहानपणापासून, त्याची तब्येत कशी होती? जनुकतपासणी करायची की नाही हे त्या उत्तरावर ठरतं, एचएलएच्या अक्षरांवर नाही.

रोगप्रतिकारक जनुकांतले वारशाने आलेले फरक दोन अगदी वेगळ्या जातींचे असतात आणि बातम्यांमध्ये त्यांची खिचडी होते. एक जात सर्रास आढळणाऱ्या, दुबळ्या फरकांची. ते कोट्यवधी लोकांत असतात आणि धोका सव्वापट, दीडपट, फार तर दुप्पट करतात. दुसरी जात विरळा पण जबरदस्त फरकांची. एकच जनुक बिघडलेलं असतं आणि धोका दहापट, पन्नासपट होतो. पहिल्या जातीतून संशोधकांना आजाराची यंत्रणा कळते, रुग्णाच्या हाती काही लागत नाही. दुसऱ्या जातीमुळे मात्र उपचार बदलतात, दाता बदलतो, कधी कधी जीव वाचतो.

एचएलएपासून सुरुवात करू, कारण तुमच्या हातात तोच कागद आहे. ही जनुकं सहाव्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर दाटीवाटीने बसलेली आहेत. प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे ८ ते १० अमिनो आम्लांचे तुकडे एचएलए-ए, बी किंवा सी रेणूच्या खाचेत बसवून पृष्ठभागावर मांडते. टी पेशी या पहारेकरी पांढऱ्या पेशी हे मांडलेले तुकडे चाचपत फिरतात. तुकडा ओळखीचा निघाला तर ठीक, परका निघाला तर ती पेशी मारतात. खाचेचा आकार माणसागणिक वेगळा असतो. म्हणजे विषाणू तोच असला तरी त्याचे कोणते तुकडे टी पेशींना दिसतील हे प्रत्येकाचं वेगळं.

ईबीव्ही म्हणजे एपस्टाइन-बार विषाणू. जगातल्या दहापैकी नऊ प्रौढांच्या बी पेशींत, म्हणजे प्रतिद्रव्यं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींत, तो आयुष्यभर दडून असतो. ईबीव्ही पॉझिटिव्ह हॉजकिनच्या पेशी या विषाणूची एलएमपी-१ आणि एलएमपी-२ ही प्रथिनं बनवतात. ए*०२ च्या खाचेत त्यांचे तुकडे चांगले बसतात. ए*०१ च्या खाचेशी या विषाणूचं तितकं जमत नाही, त्यामुळे पहारा ढिला पडतो. युरोपातल्या अभ्यासांत ए*०१ च्या प्रत्येक प्रतीमागे ईबीव्ही पॉझिटिव्ह हॉजकिनचा धोका साधारण दुप्पट आणि ए*०२ असल्यास सुमारे ३० टक्के कमी दिसला. ईबीव्ही नसलेल्या हॉजकिनमध्ये हे नातं दिसत नाही. तिथे डीआर, डीक्यू या दुसऱ्या वर्गातल्या एचएलएचा हात जास्त दिसतो.

आता ‘दुप्पट’ या शब्दाकडे नीट बघा. भारतात हॉजकिनचं प्रमाण वर्षाला लाखात एकापेक्षाही कमी आहे. ते दुप्पट धरलं तरी लाखातल्या ९९,९९८ जणांना त्या वर्षी काहीही होत नाही. ए*०१ तर आपल्याकडे सहज आढळणारा प्रकार आहे, रक्तगटासारखाच. तुम्ही आणि भाऊ एचएलएत पूर्ण जुळता म्हणजे तुमच्या पेशींची ‘मांडणी’ तंतोतंत सारखी आहे. तरी तुम्हाला आजार नाही. एकट्या एचएलएने काही ठरत नाही, याचा पुरावा तुमच्या घरातच आहे.

जुळ्यांच्या अभ्यासाने हे आणखी स्पष्ट केलं. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात एकाला हॉजकिन झालेल्या १७९ एकसारख्या जुळ्या जोड्यांपैकी १० जोड्यांत दुसऱ्यालाही तो झाला. असमान जुळ्यांच्या १८७ जोड्यांपैकी एकीतही नाही. वारशाचा वाटा आहे हे पहिल्या आकड्यावरून कळतं. पण सगळी जनुकं सारखी असूनही उरलेल्या १६९ जोड्यांत दुसरा जुळा निरोगी राहिला, हे वाचायला लोक विसरतात.

सख्ख्या भावंडांचा धोका किती, याचं चांगलं उत्तर नॉर्डिक देशांच्या नोंदींतून २०१५ मध्ये मिळालं. हॉजकिनच्या रुग्णांच्या पहिल्या फळीतल्या नातेवाइकांत, म्हणजे आईवडील, भावंडं आणि मुलं यांच्यात, धोका साधारण तिप्पट आणि फक्त भावंडांत साधारण सहापट होता. तरीही पहिल्या फळीतल्या नातेवाइकांचा आयुष्यभराचा धोका ०.६ टक्के भरला, म्हणजे दोनशेत एकाच्या आसपास. तुमची मुलं भावाची भाचरं, दुसऱ्या फळीतली. त्यांचा धोका याहून खाली येतो.

आणखी एक खोच. ‘ए*०२ संरक्षण देतो’ हे वाक्य युरोपीय वंशाच्या लोकांवरून आलंय आणि तिथे ए*०२ म्हणजे बहुतेक वेळा ए*०२:०१. भारतात ए*०२:११ बऱ्यापैकी दिसतो, शिवाय ०२:०६ आणि ०२:०३ आहेत. एखाददुसऱ्या अमिनो आम्लाच्या फरकाने खाच कोणता तुकडा धरेल हे बदलतं. तसंच टीएनएफ या जनुकाचं. २००६ मध्ये अनेक देशांच्या एकत्रित अभ्यासात टीएनएफच्या ‘-३०८ ए’ या फरकाची एक प्रत असल्यास डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमाचा धोका १.२९ पट आणि दोन असल्यास १.६५ पट आढळला. पण टीएनएफ हे जनुक एचएलएच्या शेजारीच आहे. युरोपीय लोकांत हा फरक बहुधा ए१-बी८-डीआर३ या एकगठ्ठा उतरणाऱ्या जनुकांच्या माळेतून येतो. मग गुन्हेगार टीएनएफ की त्याचा शेजारी? भारतीयांत बी८-डीआर३ ची नेहमी दिसणारी माळ वेगळी आहे, तिच्यात ए२६ असतो. माळच वेगळी असेल तर तिथला आकडा उचलून इथल्या अहवालावर चिकटवणं म्हणजे कोकणातल्या पावसाच्या अंदाजावर माणदेशात पेरणी करणं.

बाकीच्या दुबळ्या फरकांबद्दल थोडक्यात. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात आयआरएफ४, एसपी१४० अशा चाळीसहून अधिक जागा सापडल्या आहेत. या आजारात रुग्णाच्या सख्ख्या नातेवाइकांचा धोका स्वीडनच्या नोंदींत साडेआठपट निघाला, रक्ताच्या कर्करोगांत हा वरच्या क्रमांकाचा आकडा आहे. फॉलिक्युलर लिम्फोमात एचएलए-डीआरबी१ चं नातं घट्ट आहे. मायलोमात सख्ख्या नातेवाइकांचा धोका साधारण दुप्पट. लहान मुलांच्या अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात आयकेझेडएफ१ चा फरक १.६९ पट, एआरआयडी५बी चा १.६५ पट आणि सीईबीपीई चा १.३४ पट. ही तिन्ही जनुकं रक्तपेशी घडताना लागतात. बी पेशी पिकायला उशीर झाला की अर्धवट पेशींचा साठा वाढतो आणि चुकीला जागा मिळते, असा कयास आहे. यांतला एकही फरक दवाखान्यात तपासून घेण्याजोगा नाही. घरपोच लाळेच्या डब्या पाठवून ‘इम्युनिटी स्कोअर’ देणारे अहवाल याच दुबळ्या फरकांची बेरीज करतात. त्यावर पैसे घालवू नका.

मुलांच्या ल्युकेमियाबद्दल एक गैरसमज मात्र इथेच दूर करतो. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला झाला तर दुसऱ्यालाही होण्याची शक्यता बरीच असते; वर्षाच्या आतला ल्युकेमिया असेल तर फारच जास्त. लोक याला ‘आनुवंशिक’ म्हणतात. बहुतेक वेळा तो वारसा नसतोच. पहिली चूक पोटातच एका जुळ्याच्या पेशीत होते आणि वार सामाईक असल्यामुळे ती पेशी रक्तावाटे दुसऱ्यात जाते. ईटीव्ही६-आरयूएनएक्स१ ही दोन जनुकं चुकून जोडली जाऊन बनलेली जोडगोळी जन्मतः १ ते ५ टक्के बाळांत सापडते. त्यांतल्या बहुसंख्य बाळांना पुढे काहीच होत नाही.

आता दुसरी जात. इथे रेंगाळायला हवं, कारण तुमच्या भावासारखा ईबीव्ही पॉझिटिव्ह आजार तरुणपणी होतो तेव्हा या यादीकडे एकदा बघणं शहाणपणाचं असतं. भारतात मुलांच्या आणि तरुणांच्या हॉजकिनमध्ये ईबीव्ही सापडण्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच जास्त आहे, त्यामुळे नुसतं ‘ईबीव्ही पॉझिटिव्ह’ म्हणजे जनुक बिघडलंय असं नाही. त्याच्या जोडीला आणखी काही हवं.

मुलग्यांपुरता येणारा एक्स-लिंक्ड लिम्फोप्रोलिफरेटिव्ह आजार एसएच२डी१ए या जनुकातल्या बिघाडामुळे होतो. हे जनुक १९९८ मध्ये सापडलं. टी आणि एनके पेशींना ईबीव्ही असलेली बी पेशी मारता येत नाही. पहिलाच ईबीव्ही संसर्ग जीवघेणा होतो, किंवा इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रक्तातली प्रतिद्रव्यं, घसरतं, किंवा लिम्फोमा होतो, तोही अनेकदा आतड्याचा. जनुक आईकडून येतं. म्हणून वंशावळ विचारताना वडिलांच्या बाजूला अडकू नका. मामा, मावसभाऊ, आईच्या आईचे भाऊ यांच्यात ‘लहानपणी ताप येऊन गेला’ असा मुलगा आहे का ते विचारा. एमएजीटी१ हेही एक्स गुणसूत्रावरचं आणि त्यातही रक्तात ईबीव्ही वर्षानुवर्षं मोजण्याइतका राहतो.

सीडी२७, सीडी७० आणि आयटीके या तीन जनुकांचा बिघाड आईवडील दोघांकडून यावा लागतो, आणि तिघांतही ईबीव्ही पॉझिटिव्ह हॉजकिन हेच पहिलं ठळक लक्षण असू शकतं. महाराष्ट्रात मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अनेक समाजांत आहे, म्हणून आईवडिलांचं नातं हा प्रश्न संकोच न करता विचारायचा. आते-मामे भावंडांच्या मुलाला एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून मिळण्याची शक्यता १६ मध्ये १ असते; मामा-भाचीच्या लग्नात ८ मध्ये १. याचा अर्थ अशा घरात कर्करोग होतोच असा नाही, पण असे विरळा दोष तिथे उघडे पडतात.

सीटीएलए४ चा बिघाड एकाच पालकाकडून आलेल्या प्रतीनेही पुरतो, आणि तोच फरक असलेला पालक ठणठणीतही असू शकतो. जुलाब, रक्तपेशी स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने मारल्या जाणं, फुप्फुसात पेशींचे पुंजके, आणि ईबीव्हीशी निगडित लिम्फोमा, असं त्याचं मिश्रण असतं. इथे निदानाचा थेट उपयोग आहे: अबॅटासेप्ट हे औषध नेमकं त्या उणिवेवर चालतं. पीआयके३सीडी च्या बिघाडावर लेनिओलिसिब या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

एफएएस या जनुकात दोष असला की काम संपलेल्या लिम्फोसाइट, म्हणजे टी आणि बी पेशी, मरायच्या थांबतात. गाठी आणि प्लीहा लहानपणापासून मोठी, प्लेटलेट वारंवार कमी, आणि पुढे हॉजकिनचा धोका सुमारे ५१ पट, इतर लिम्फोमाचा १४ पट. याचा सुगावा स्वस्तात लागतो: फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे पेशींवरच्या खुणा मोजणाऱ्या तपासणीत, सीडी४ आणि सीडी८ दोन्ही नसलेल्या अल्फा-बीटा टी पेशी एकूण सीडी३ पेशींच्या २.५ टक्क्यांवर, आणि रक्तात बी१२ कारण नसताना खूप चढलेलं. शाकाहारी घरात बी१२ भरपूर निघालं तर आनंद मानण्याआधी गोळ्या चालू आहेत का ते विचारा. नसतील तर हा धागा पकडा.

जीएटीए२ बद्दल विशेष सांगावंसं वाटतं, कारण त्याची खूण साध्या सीबीसीत डोळ्यांसमोर असते आणि निसटते. मोनोसाइट या पांढऱ्या पेशी ० किंवा १ टक्का, वर्षानुवर्षं. जोडीला न हटणारे चामखीळ, पायाला सूज, कमी ऐकू येणं, क्षयासारखा दिसणारा पण क्षयाच्या औषधांना दाद न देणारा मायकोबॅक्टेरियाचा संसर्ग. अशा व्यक्तींपैकी बहुतेकांना चाळिशीपर्यंत मायलोडिस्प्लेसिया (मज्जेत रक्तपेशी नीट न घडण्याचा आजार) किंवा अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया गाठतो. विशी-पंचविशीत सातवं गुणसूत्र हरवलेला मायलोडिस्प्लेसिया दिसला की जीएटीए२ तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. मोनोसाइट कमी असण्याचं दुसरं मोठं कारण हेअरी सेल ल्युकेमिया, तेही ध्यानात असावं.

जन्मजात न्यूट्रोपेनियात, म्हणजे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी फार कमी असण्यात, उदाहरणार्थ ईएलएएनई च्या बिघाडात, वर्षानुवर्षं जी-सीएसएफ हे पांढऱ्या पेशी वाढवणारं औषध द्यावं लागतं आणि १५ वर्षांत सुमारे २२ टक्क्यांना ल्युकेमिया किंवा मायलोडिस्प्लेसिया झाल्याची नोंद आहे. टिम-३ चं जनुक एचएव्हीसीआर२ दोन्ही बाजूंनी बिघडलं तर त्वचेखालच्या चरबीत बसणारा एक विरळा टी-सेल लिम्फोमा होतो; प्रतिकारशक्तीचा ब्रेक तुटला की काय होतं याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. आणि एटीएम चा दोष: चालताना तोल जाणारं मूल, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल नसा, अल्फा-फिटोप्रोटीन चढलेलं. अशा मुलाला लिम्फोमा झाला आणि दोष न ओळखता नेहमीच्या मात्रेत रेडिएशन दिलं तर उपचारच घात करतो, कारण त्याच्या पेशींना तुटलेला डीएनए जोडता येत नाही.

मग भावाच्या बाबतीत काय विचारायचं? दोन किंवा जास्त वेळा न्यूमोनिया, वर्षाला चार किंवा जास्त वेळा कान फुटणं, शिरेतून अँटिबायोटिक द्यावी लागलेले संसर्ग, जन्मानंतरच्या बीसीजी लशीची जखम चिघळणं किंवा काखेत पू होणं, लहानपणी ‘कावीळ-ताप-प्लीहा’ असं बेनाव आजारपण, प्लेटलेट किंवा लाल पेशी आपोआप फुटणं, घरात लहान वयात दगावलेली मुलं, घरात दुसऱ्या कुणाला ५०च्या आत रक्ताचा कर्करोग. यांतलं काहीच नसेल, एक आजार एकाच व्यक्तीत असेल, तर जनुकांच्या पॅनेलमधून, म्हणजे अनेक जनुकं एकदम तपासण्यातून, उपयोगाचं काही निघण्याची शक्यता फार थोडी. एक-दोन गोष्टी जुळल्या तर आधी स्वस्त तपासण्या: सीबीसी, त्यातल्या प्रत्येक पेशीप्रकाराच्या टक्केवारीसह, आयजीजी, आयजीए, आयजीएम, आयजीई ही इम्युनोग्लोब्युलिनं, लिम्फोसाइटचे उपप्रकार, म्हणजे सीडी३, सीडी४, सीडी८, सीडी१९, सीडी१६/५६, आणि रक्तातला ईबीव्ही डीएनए.

इथेच नेहमीची चूक होते. या तपासण्या केमोथेरपीच्या मध्यावर केल्या जातात आणि ‘प्रतिकारशक्ती जन्मजात कमी’ असा शेरा पडतो. रिटुक्सिमॅब या औषधानंतर बी पेशी ६ ते १२ महिने नाहीशा असतात. स्टिरॉइड आणि केमोमुळे टी पेशी घटतात. आयव्हीआयजी, म्हणजे दात्यांच्या रक्तातली प्रतिद्रव्यं शिरेतून, दिलेलं असेल तर दिसणारं आयजीजी आणि अँटिबॉडी दात्यांच्या असतात. म्हणून आजाराआधीचे जुने अहवाल शोधून काढा, शाळेतल्या वयातले असले तरी. पिवळा पडलेला दहा वर्षांपूर्वीचा सीबीसी कधी कधी महागड्या पॅनेलपेक्षा जास्त सांगून जातो. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे. जन्मजात प्रतिकारदोषांच्या फ्लो सायटोमेट्रीचा आणि जनुकतपासणीचा तिथे मोठा अनुभव आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीसह तिथे विचारणा करता येते.

जनुकतपासणी ठरलीच, तर नमुना कशाचा घ्यायचा हा अर्धा प्रश्न. हॉजकिनमध्ये रोगट पेशी रक्तात सहसा नसतात, त्यामुळे भावाचं ईडीटीए नळीतलं, म्हणजे जांभळ्या झाकणाच्या, २ ते ३ मिली रक्त चालतं. दुसऱ्याच्या मूळपेशी अजून बसवलेल्या नाहीत तोवरच. त्या बसल्यानंतर रक्तात दात्याचा डीएनए दिसतो, आणि लाळेतही, कारण लाळेत पांढऱ्या पेशी असतात. म्हणून प्रत्यारोपणाआधी डीएनए काढून ठेवायला सांगा. ल्युकेमिया किंवा मायलोडिस्प्लेसियात मात्र रक्त वापरायचं नाही, कारण आजाराने नंतर घडवलेले बदल आणि जन्मजात बदल एकमेकांत मिसळतात. तिथे सर्वांत खात्रीचा नमुना म्हणजे दंडाच्या आतल्या बाजूच्या त्वचेचा ३ मिमीचा पंच आणि त्यातून वाढवलेल्या फायब्रोब्लास्ट पेशी. वाढायला ३ ते ६ आठवडे लागतात. सवयीने तो तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला जातो आणि पेशी मरतात. निर्जंतुक कल्चर माध्यमातच, खोलीच्या तापमानाला, २४ ते ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचायला हवा. हे चिठ्ठीवर ठळक लिहा.

अहवालात ‘व्हीएएफ’ नावाचा टक्का असतो, म्हणजे वाचलेल्या प्रतींपैकी किती प्रतींत तो बदल आहे. जन्मजात आणि एकाच पालकाकडून आलेला बदल साधारण ४० ते ६० टक्के दिसतो. ल्युकेमियाच्या पॅनेलमध्ये डीडीएक्स४१, जीएटीए२, आरयूएनएक्स१, सीईबीपीए यांत ३० टक्क्यांच्या वर काही दिसलं आणि आजार ताब्यात आल्यावरही ते हटलं नाही, तर जन्मजात असल्याचा संशय घ्यावा. पण टीईटी२, डीएनएमटी३ए, एएसएक्सएल१ हेही आजार ताब्यात आल्यावर चिकटून राहतात आणि ते बहुधा वयानुसार आलेले असतात. उलटी फसगतही होते. एसएएमडी९ आणि एसएएमडी९एल चा जन्मजात दोष सातव्या गुणसूत्रावर असतो. मज्जेतल्या पेशी तो दोष असलेलं गुणसूत्रच टाकून देतात. मग रक्त स्वच्छ दिसतं, आणि आजाराचं मूळ त्या टाकून दिलेल्या तुकड्यात असतं.

एचएलएच्या अहवालालाही हाच धडा लागू आहे. रक्तात ल्युकेमियाच्या पेशी भरलेल्या असताना केलेल्या तपासणीत सहाव्या गुणसूत्राची एक बाजू गहाळ असू शकते आणि रुग्ण प्रत्येक जागी एकाच प्रकाराचा दिसतो. असा ‘सगळीकडे एकसारखा’ अहवाल आला आणि आईवडिलांशी मेळ बसला नाही, तर गालाच्या आतल्या पेशींवरून पुन्हा करावा. आणि एक्सोमच्या, म्हणजे जनुकांच्या प्रथिनं घडवणाऱ्या भागांच्या, साध्या अहवालातून एचएलएचे प्रकार वाचू नयेत. हा भाग इतका बहुरूपी आहे की छोट्या तुकड्यांच्या वाचनात गल्लत होते.

‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा असलेला बदल म्हणजे निदान नव्हे. २०१५ पासून प्रयोगशाळा बदलांची पाच पायऱ्यांत विभागणी करतात. मधली पायरी ही. भारतीयांचे जीनोम संदर्भसाठ्यांत दीर्घकाळ कमी असल्यामुळे आपल्याकडे हा शेरा जास्त वेळा पडतो. सीएसआयआरच्या ‘इंडिजेन’ने १,०२९ भारतीय जीनोम उपलब्ध केले, त्यानंतर जीनोमइंडियाचे सुमारे १० हजार आले, तशी ही अडचण घटते आहे. प्रयोगशाळेला दोन गोष्टी विचारा: भारतीय साठ्यात हा बदल किती जणांत आहे, आणि प्रथिन प्रत्यक्षात कमी आहे का हे फ्लोवर दाखवता येईल का. एसएपी (एसएच२डी१ए चं प्रथिन) आणि परफोरिन या प्रथिनांची तपासणी तशी करता येते. अनिश्चित शेऱ्याच्या बळावर भावंडांना तपासायला लावू नये, आणि लग्न मोडणं किंवा गर्भाबद्दल निर्णय घेणं तर नाहीच. दोष ठामपणे सिद्ध झाला असेल तरच गर्भातली तपासणी: वारेचा नमुना ११ ते १३ आठवड्यांत, गर्भजल १६व्या आठवड्याच्या सुमारास, पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदलेल्या केंद्रात. लिंगाशी निगडित जनुकीय आजार हे त्या कायद्यात मान्य केलेलं कारण आहे.

तुमच्या मुलांसाठी वेगळ्या रक्ततपासण्या किंवा स्कॅन नकोत. लसीकरण नेहमीप्रमाणे. मानेत, काखेत किंवा जांघेत २ सेंमीच्या वरची, रबरासारखी, न दुखणारी गाठ ४ आठवड्यांनंतरही राहिली, किंवा हंसळीच्या हाडाच्या वर कितीही लहान गाठ लागली, तर दाखवा. नेहमी ३८ अंशांवर जाणारा ताप, कपडे भिजवणारा रात्रीचा घाम, सहा महिन्यांत १० टक्क्यांहून जास्त वजन उतरणं, हेही. आपल्याकडे मानेची गाठ म्हटली की सुईने थोड्या पेशी काढून क्षयाची औषधं सुरू होतात. हॉजकिनच्या गाठीत रोगट पेशी शंभरात एखाद-दोनच असतात, बाकी सगळी गर्दी. सुईत त्या येत नाहीत. क्षयाचे जंतू किंवा जीनएक्स्पर्ट या क्षयाच्या चाचणीचा पुरावा नसेल तर पूर्ण गाठ काढूनच तपासायला सांगा.

आणि दाता म्हणून तुमचा विचार झाला, तर सांगण्यासारखं एकच. भावाच्या इतिहासात वरच्या यादीतलं काही निघालं आणि त्याच्यात सिद्ध दोष सापडला, तर तुमच्या मूळपेशी काढण्याआधी तुमच्यात नेमका तेवढाच एक बदल तपासून घ्यावा लागतो, सगळं पॅनेल नाही. एचएलए पूर्ण जुळणं आणि तो दोष नसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. एसएच२डी१ए सहाव्या गुणसूत्रावर नाहीच. निरोगी दिसणाऱ्या भावंडाच्या मूळपेशींतून डीडीएक्स४१ किंवा जीएटीए२ चा दोष रुग्णात गेला आणि त्यातूनच नवा ल्युकेमिया उगवला, असं घडलेलं आहे. दात्याला रोज किलोमागे १० मायक्रोग्रॅम जी-सीएसएफ ४ ते ५ दिवस द्यायचं असतं. इंजेक्शनं सुरू होण्याआधी हा अहवाल हातात हवा, आणि तो यायला ३ ते ५ आठवडे लागू शकतात. भावाच्या पुढच्या भेटीतच हा प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवा.